आयसीयूतनं सुटका झाली, पण पुढचं कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत आयसीयूतल्या नव्या मशिनींवर पान आलं होतं, व्हेंटिलेटर कसे सुधारले, एक्मो म्हणजे रक्ताला अंगाबाहेर ऑक्सिजन देणारं मशीन काय असतं वगैरे. मी ते दोनदा वाचलं. चांगलं लिहिलंय, पण पेशंट वाचतो आणि लेख संपतो. आमच्याकडं पेशंट वाचला आणि तिथनंच खरी परीक्षा सुरू झाली, आणि त्याबद्दल आम्हाला कोणी म्हणजे कोणीच एक शब्द सांगितला नव्हता. म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, कापायचं तर कापा, पण सोबत एक कागद जोडलाय तो तेवढा बघा.

माझे मिस्टर तासगावात बेदाण्याच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत, वय ५१. गेल्या वर्षी श्रावणात साधा ताप म्हणून सुरू झालं, चौथ्या दिवशी धाप लागायला लागली, सातव्या दिवशी मिरजेकडच्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयूत. न्यूमोनिया दोन्ही बाजूला पसरलेला. एकूण १७ दिवस आयसीयू, त्यातले ११ व्हेंटिलेटरवर. सोन्याच्या पाटल्या गेल्या, दिराचा ट्रॅक्टर घ्यायचा राहिला, ते सगळं बाजूला ठेवते. माणूस परत आला. त्या डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल मी तक्रार करतेय.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आज त्यांना पोटावर झोपवणार. मी घाबरले, इतक्या नळ्या असलेला माणूस पालथा कसा झोपवायचा. नंतर कळलं की ही आता जगभर रूढ झालेली पद्धत आहे. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०१३ साली ४६६ पेशंटांचा अभ्यास छापला, त्यात रोज १६ तासांच्या वर पालथं ठेवलेल्यांमधले शंभरात १६ जण २८ दिवसांत गेले आणि उताणं ठेवलेल्यांमधले जवळजवळ ३३. म्हणजे कुठलं नवीन औषध नाही, मशीन नाही, चार-पाच माणसांनी मिळून पेशंट नीट उलटा करायचा, त्यावर एवढा फरक. व्हेंटिलेटरच्या हवेचं पण तसंच. पूर्वी मोठे मोठे श्वास देत, मग २००० साली अमेरिकेत ८६१ पेशंटांवर बघितलं की लहान श्वास दिले तर जास्त माणसं वाचतात, मृत्यूचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं. हे सगळं मला माझ्या पुतणीनं समजावलं, ती फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी बारावी सायन्स झालेली, लग्नानंतर शिक्षण सुटलं, पण समजून घ्यायची हौस गेली नाही. खाली जे आकडे येतील ते तिनं मूळ पेपर काढून माझ्यासमोर वाचून दाखवलेले आहेत.

आता घरी आल्यानंतरचं सांगते.

डिस्चार्ज कार्डावर काय होतं? गोळ्या, पथ्य, सात दिवसांनी दाखवा. बास. आम्ही पेढे वाटले. मिस्टरांना गाडीतनं उतरवताना दोघांनी धरलं तेव्हा वाटलं अशक्तपणा आहे, चार दिवस मटणाचा रस्सा आणि अंडी खाल्ली की जाईल. दुसऱ्या दिवशी चहाचा कप त्यांच्या हातातनं पडला. भरलेला कप उचलायची ताकद नव्हती. मांड्या अशा बारीक की पायजमा लोंबायचा. संडासात बसले तर उठता येईना, मग धाकट्यानं आत जाऊन उचलायचं, आणि १९ वर्षांच्या पोरासमोर त्या माणसाला किती लाज वाटत असेल ते मी बघत होते. डोक्यावरचे केस पुंजक्यानं गळायला लागले. महिना झाला, दीड महिना झाला, लोक यायचे आणि म्हणायचे अजून झोपूनच का, जरा हिंडाफिरायला लावा, मनानं घेतलंय त्यांनी. मनानं घेतलंय हे वाक्य मी तेव्हा इतक्यांदा ऐकलं की आजही कोणी म्हटलं तर अंगाची आग होते.

मनानं नव्हतं घेतलं. लंडनमधल्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या पेशंटांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीनं मोजला होता, २०१३ साली छापलं, तर पहिल्या १० दिवसांतच तो स्नायू सरासरी पावणेअठरा टक्के कमी झाला होता. १० दिवसांत! शरीर आतनं पेटलेलं असतं तेव्हा ते स्वतःचाच स्नायू खातं, नसांवर पण परिणाम होतो. टोरांटोत न्यूमोनियासारख्या कारणांनी फुप्फुसं निकामी होऊन वाचलेली १०९ माणसं वर्षभर तपासली, २००३ सालचा अभ्यास, त्यातली बहुतेक आधी चांगली कमावती, सरासरी वय ४५. आयसीयूतनं बाहेर येईपर्यंत त्यांचं सरासरी १८ टक्के वजन गेलं होतं आणि वर्षानंतर कामावर परतलेले फक्त ४९ टक्के, अन् फुप्फुसं बऱ्यापैकी सुधारली होती तरी. अडकलं ते अंगाच्या ताकदीनं. हे मला पहिल्या आठवड्यात कोणी सांगितलं असतं तर मी अडत्याला जाऊन सांगितलं असतं की दोन महिन्यात नाही, वर्ष धरा. मी दोन महिन्यात येतील असं सांगून बसले आणि तिसऱ्या महिन्यात त्यांनी दुसरा माणूस घेतला. त्यांचा दोष नाही, सौदे कोणासाठी थांबत नाहीत.

पण ताकदीचं निदान दिसत तरी होतं. डोक्याचं दिसत नव्हतं.

हा माणूस सौद्यात उभा राहून पेट्या, वजन, दर, तूट, अडत सगळं तोंडी करायचा, कागदावर नंतर. दिवाळीच्या आधी हिशोब मिटवायचे दिवस आले की आसपासच्या दुकानांचे लोक पण यांना विचारायला यायचे. तर घरी आल्यावर एकदा दूधवाल्याचा हिशोब करायला बसले, २२ दिवस, दीड लिटर, आणि कागदाकडं बघत अर्धा तास बसून राहिले. मग वही मिटवली आणि तोंड भिंतीकडं करून झोपले. मी काही बोलले नाही. मला वाटलं मेंदूत गाठ वगैरे झाली, सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला. नॉर्मल आल्यावर तर सगळे म्हणाले बघ, काही नाहीये.

आणि रात्री. रात्री ओरडत उठायचे. थंडी वाजतेय म्हणायचे, भर ऑक्टोबरच्या उकाड्यात. माझा हात लागला की झटकायचे. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं झालंय, हॉस्पिटलात शेजारच्या बेडवर माणूस गेला होता ना, ते लागलंय. दोनदा देवऋषाकडं नेऊन आणलं. मी अडवलं नाही, कारण माझ्याकडं दुसरं काय उत्तर होतं?

तीन महिन्यांनी पुतणी सुट्टीला आली तेव्हा तिनं यांना सरळ विचारलं, काका, आयसीयूत असताना तुम्हाला काय काय दिसत होतं? कोणीतरी पहिल्यांदाच तसं विचारलं होतं. हे बराच वेळ गप्प बसले आणि मग सांगायला लागले. त्यांना वाटत होतं की त्यांना बेदाण्याच्या पेटीत बांधून घातलंय, टेम्पोत चढवलंय आणि कोल्ड स्टोरेजला नेऊन ठेवलंय. आत गार, अंधार, मशीनचा आवाज, आणि दाराशी मी उभी आहे आणि कागदावर सही करतेय. माझी बायको मला स्टोरेजला टाकून सही करून निघून गेली, असं त्यांना दिसलं होतं आणि ते त्यांनी खरं धरलं होतं. तीन महिने माझ्याच हातचं जेवत होते आणि मनात हे घेऊन. बोलले का नाही तर म्हणाले, बोललो असतो तर येड्यात काढलं असतं.

संपादक साहेब, मी त्या दिवशी मागच्या दारी जाऊन रडले.

याला डिलिरियम म्हणतात. हे भूत नव्हे, वेड नव्हे, मनानं घेणं तर नव्हेच. तब्येत अतिशय बिघडलेली, ऑक्सिजन कमी, अंगात इन्फेक्शन, वर झोपेची इंजेक्शनं, रात्रंदिवस लाइट आणि अलार्म, अशात मेंदू आजूबाजूच्या गोष्टी उचलून भलतंच जुळवतो. एसीचा गारवा म्हणजे स्टोरेज, नळ्या ओढू नयेत म्हणून हात बांधलेले म्हणजे पेटी, आणि मी खरोखरच संमतीच्या फॉर्मवर सही करत होते, ती काचेतनं दिसली असणार. अमेरिकेत नॅशव्हिल इथल्या डॉक्टरांनी ८२१ पेशंटांचा अभ्यास २०१३ साली छापला, त्यात हॉस्पिटलात असताना ७४ टक्के लोकांना डिलिरियम झाला होता. चारातले तीन! आणि तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा ४० टक्के लोकांची विचार करायची क्षमता डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसासारखी होती, २६ टक्क्यांची सौम्य अल्झायमरसारखी. डिलिरियम जितके जास्त दिवस, तितका नंतरचा परिणाम वाईट. यात तरुण पण होते. दूधवाल्याचा हिशोब का जमला नाही याचं उत्तर मला इथं मिळालं.

आणि या सगळ्याला मिळून एक नाव पण आहे, पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम, थोडक्यात पिक्स. अमेरिकेतल्या क्रिटिकल केअरच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१० साली सगळ्यांना बोलावून हे नाव ठरवलं. शरीर, बुद्धी आणि मन, तिन्हीवर आयसीयूनंतर जे उरतं ते. त्यात घरच्यांचा पण वेगळा भाग आहे, कारण नातेवाईकांना पण होतं. आजही अनोळखी नंबरवरनं फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो, हॉस्पिटलातनं पहाटे फोन यायचे ना. म्हणजे नाव ठरून इतकी वर्षं झाली आणि आमच्या डिस्चार्ज कार्डावर त्यातलं एक अक्षर नव्हतं.

आता यातलं टाळता काय येतं, तर थोडं येतं, सगळं नाही, पुतणीनं मला फार आशा लावली नाही आणि मी पण लावणार नाही. झोपेचं औषध कमीत कमी द्यायचं आणि जमेल तेव्हा रोज थांबवून पेशंटला जागं करून बघायचं. शिकागोत २००० साली १२८ पेशंटांवर हे केलं तर व्हेंटिलेटरचे दिवस सरासरी सातच्या वरून पाचच्या आत आले. मिडाझोलामसारखी झोपेची औषधं डिलिरियम वाढवतात म्हणून शक्य तिथं टाळायची. मी आमची बिलं काढून बघितली, त्यात मिडाझोलाम रोज होतं. का होतं, दुसरं काही चालणार नव्हतं का, ते मला ठरवता येत नाही, आणि मी डॉक्टरांवर बोट ठेवत नाही. पण विचारायला काय हरकत आहे हे तेव्हा माहीत असतं तर मी विचारलं असतं.

डिलिरियम ओळखायला मशीन लागत नाही हे तर मला फार महत्त्वाचं वाटतं. सिस्टर दोन मिनिटात करू शकतात. पेशंटचा हात धरायचा, अक्षरं म्हणायची, ठरलेलं अक्षर आलं की हात दाब म्हणायचं. मग साधे प्रश्न, मान हलवून उत्तर द्यायचं, दगड पाण्यावर तरंगतो का, समुद्रात मासे असतात का. नळी असलेला माणूस पण हे करू शकतो. शिवाय चष्मा घालायचा, कानाचं मशीन लावायचं, समोर घड्याळ, रात्री लाइट कमी. मिस्टरांना जवळचं-लांबचं दोन्ही नंबर आहेत आणि त्यांचा चष्मा १७ दिवस माझ्या पर्समध्ये होता. हरवू नये म्हणून माझ्याकडं दिला होता.

व्यायामाचं थोडं नाजूक आहे. २००९ च्या एका अमेरिकन अभ्यासात १०४ पेशंटांवर व्हेंटिलेटर असतानाच लवकर व्यायाम आणि हालचाल सुरू केली तर घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकणारे ५९ टक्के झाले, नेहमीसारख्या उपचारात ३५. पण २०२२ साली ७५० पेशंटांवर बघितलं की त्याहून जास्त जोर लावला तर जास्तीचा फायदा काही नाही आणि त्रास मात्र वाढला. म्हणून नातेवाईकांनी जाऊन ओढाओढ करायची नाही, ते फिजिओचं काम. फक्त विचारायचं, फिजिओ येतात का, आज बसवलं का?

भेटायच्या वेळेबद्दल मला बोलायचंच आहे. आम्हाला सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, एकावेळी एक. इन्फेक्शन होईल म्हणून. ब्राझीलमध्ये २०१९ साली छापलेला मोठा अभ्यास आहे, घरच्यांना दिवसाला १२ तासांपर्यंत थांबू दिलं. त्यानं डिलिरियम फारसा कमी झाला नाही हे खरं, पण इन्फेक्शन पण वाढलं नाही आणि घरच्यांची चिंता, उदासी कमी झाली. मला कळतं की आपल्याकडं बाहेर वीस माणसं चटया टाकून बसलेली असतात आणि एका सिस्टरकडं तीन-तीन पेशंट असतात, सगळ्यांना आत सोडलं तर त्या बिचाऱ्या कामं कधी करणार. पण एकाच ठरलेल्या माणसाला, हात धुऊन, दिवसातनं दोन तास बसू द्यायला काय अडचण आहे ते मला अजून कळलेलं नाही.

आणि आयसीयू सुरू कसा झाला ते पुतणीनं सांगितल्यापासून तर मला हे जास्तच वाटतं. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली, पोरांना श्वास घेता येईना, मशिनी मोजक्याच. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी घालायला लावली आणि रबराची पिशवी हातानं दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग मेडिकलच्या साधारण १५०० पोरापोरींनी आळीपाळीनं, दिवसरात्र, महिनोन् महिने पेशंटांच्या उशाशी बसून हातानं पिशव्या दाबल्या. आधी अशा पेशंटांतले शंभरात ऐंशीच्या वर दगावत होते, ते निम्म्याच्या खाली आलं. तिथनं पुढच्या वर्षी इब्सेननी पहिला आयसीयू काढला. म्हणजे सुरुवातीला प्रत्येक बेडजवळ एक माणूस बसलेला होता, तोच श्वास देत होता आणि तोच पोराशी बोलत होता.

आमचं वळण कुठं आलं ते सांगते. मी हॉस्पिटलात असताना औषधांच्या हिशोबाला एक शंभर पानी वही केली होती. रोजची तारीख, कुठल्या चिठ्ठीचे किती रुपये, कोणाकडनं किती उसने, आणि मध्येच बसल्या बसल्या काहीबाही, आज पालथं झोपवलं, आज डोळे उघडले पण ओळखलं नाही, आज हात बांधलेत, सिस्टर म्हणाल्या नळी ओढत होते. पुतणीनं ती वही बघितली आणि म्हणाली काकू, परदेशात आयसीयूत अशी डायरी मुद्दाम लिहितात, सिस्टर आणि घरचे मिळून, आणि नंतर पेशंटला देतात, म्हणजे त्याच्या डोक्यातले गाळलेले दिवस भरून निघतात. २०१० च्या युरोपातल्या अभ्यासात त्यानं नंतरचा मानसिक धक्का कमी दिसला, १३ टक्क्यांवरून ५. फ्रान्सच्या २०१९ च्या अभ्यासात मात्र फरक दिसला नाही, तेही तिनं सांगितलं. आमच्यापुरतं सांगते. आम्ही रोज रात्री जेवण झाल्यावर दोन-दोन पानं वाचली. सहीच्या दिवसाचं पान आलं तेव्हा मी थांबले, मग वाचलं, "गळ्याला छिद्र पाडायला लागलं तर म्हणून फॉर्मवर सही घेतली, हात थरथरत होता, दोन फॉर्म खराब झाले." ते ऐकून हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ती सही होय. त्या रात्री पहिल्यांदा सलग झोपले.

आता आमची मागणी. मोठी नाही. इंग्लंडमध्ये २००९ पासून सरकारी सूचना आहे की आयसीयूतनं गेलेल्या ज्या पेशंटांना पुढं त्रास उरायची शक्यता आहे त्यांना दोन-तीन महिन्यांनी परत बोलावून ताकद, डोकं, मन तिन्ही तपासायचं. आपल्याकडं सिव्हिल हॉस्पिटलात आणि मोठ्या खाजगी हॉस्पिटलांत महिन्यातनं एक दिवस अशी ओपीडी ठेवता येणार नाही का? डॉक्टर आहेत, फिजिओ आहेत, मानसोपचारवाले पण बहुतेक ठिकाणी आहेत, फक्त एका दिवशी एका खोलीत बसायचं. तालुक्याला सरकारी फिजिओ मिळाला तर बघा, आम्ही घरी येणाऱ्याला एका वेळचे ४०० देत होतो आणि आठ महिने लागले, आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे फक्त ६० दिवस धरतात. आणि डिस्चार्जच्या वेळी मराठीत छापलेला एक कागद द्या, एवढं तर उद्यापासून होईल. भारतातल्या क्रिटिकल केअर डॉक्टरांची संघटना १९९३ पासून आहे, त्यांनी मनावर घेतलं तर सगळ्या हॉस्पिटलांना एकच कागद मिळेल.

तोपर्यंत थांबायला नको म्हणून मी आणि पुतणीनं मिळून एक कागद केलाय, तिच्या कॉलेजच्या मॅडमनी तपासून दिलाय. मोठ्या अक्षरात, एकच पान. आयसीयूत चष्मा द्या, कानाचं मशीन द्या. रोज गेलं की नाव, वार, गाव सांगा. वही लिहा. घरी आल्यावर खुर्चीतनं उठायचा व्यायाम कसा करायचा, थकवा किती महिने राहू शकतो, हिशोब विसरला तर घाबरू नका पण डॉक्टरांना सांगा, रात्री घाबरत असेल तर काय दिसलं ते विचारा, हसू नका. मरावंसं वाटतं असं बोलला तर त्याच दिवशी दवाखाना. आतापर्यंत ओळखीतल्या सहा घरांत दिला.

मिस्टर आता आठवड्यातनं दोन दिवस सौद्याला जातात, नवीन माणसाच्या हाताखाली, अर्धा दिवस. कॅल्क्युलेटर खिशात ठेवतात. जिना चढताना मध्ये एकदा थांबतात. कागदाच्या झेरॉक्स त्यांनीच काढून आणल्या, ५०, आणि खाली आमचा फोन नंबर घाला म्हणाले, कोणाला विचारायचं असेल तर विचारतील. पेपरात नंबर नको, तो मी खोडलाय, बाकी कागद तसाच सोबत आहे. पत्राला आणि कागदाला मिळून जागा नसेल तर पत्र राहू द्या, कागद छापा.

आपली नियमित वाचक,
तासगाव, जि. सांगली